मुलखाचा रिवाज

प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना नाशिकच्या किंवा नागपूरच्या माणसाला मध्येच एक विचित्र प्रश्न भेटतो. तुम्हाला पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे का? धंद्याचं, भाड्याचं, शेअरच्या नफ्याचं उत्पन्न असलेले हजारो लोक दरवर्षी या प्रश्नापाशी क्षणभर थबकतात, 'नाही'वर खूण करतात आणि पुढे सरकतात. हा पाहुणा आपल्या फॉर्मात कुठून आला, हे विचारायला जुलै महिन्यात कुणाला सवड असते?

तो आला १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम ५अ मधून. हे कलम १९९४ साली घातलं गेलं आणि १ एप्रिल १९६३ पासून लागू आहे असं मानलं गेलं. गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेली इथल्या ज्या नवरा-बायकोंची मालमत्ता सामाईक धरली जाते, त्यांचं पगाराखेरीजचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटून कर लावायचा, असं ते सांगतं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकोच्या नावावर नवऱ्याच्या दुकानाचा अर्धा नफा दाखवा, असं देशाचं कर खातं एका छोट्याशा राज्यापुरतं स्वतःहून म्हणतं. गंमत म्हणजे कलम लिहिणाऱ्यांनी संहितेचं साल १८६० असं छापलं आहे. संहिता १८६७ ची. सोबत दिलेल्या पोर्तुगीज शब्दांचं स्पेलिंगही चुकलेलं आहे. परक्या वस्तूला हात लावताना होणारी ही धांदल या साऱ्या कहाणीला शोभणारीच आहे.

त्या चुकलेल्या शब्दांचा अर्थ 'मालमत्तेचं सामाईकपण'. गोव्यात वकील त्याला 'कम्युनियन ऑफ अ‍ॅसेट्स' म्हणतात. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्नाच्या क्षणी नवऱ्याचं आणि बायकोचं जे काही आहे आणि पुढे जे होईल ते दोघांचं, प्रत्येकाचा अर्धा वाटा. माहेरून आलेलं शेत, सासरचं घर, नंतर घेतलेला फ्लॅट, वारशाने मिळालेली बागायत, सगळं त्यात. पोर्तुगीज संहितेत या पद्धतीला दुसरंही एक नाव आहे, आणि ते जास्त बोलकं आहे: राज्याच्या रिवाजाप्रमाणे झालेलं लग्न. आपल्याकडे रिवाज म्हटलं की गावची, जातीची, कुळाची रीत डोळ्यांपुढे येते. इथे रिवाज म्हणजे पोर्तुगालच्या राज्याचा. मांडवीच्या काठावर तो रिवाज कसा रुजला आणि मूळ राज्याने तो सोडून दिल्यावरही इथे कसा टिकला, ही गोष्ट पाचशे वर्षांची आहे.

पोर्तुगालमध्ये मध्ययुगापासून 'अर्ध्या वाट्याचं लग्न' ही एक चाल होती. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा मानुएलच्या नावाने जे कायदेसंग्रह निघाले, त्यांत ही चाल साऱ्या राज्याचा नियम झाली. वेगळा करार नसेल तर नवरा-बायको निम्म्या-निम्म्याचे मालक. आल्बुकर्कने गोवा जिंकला १५१० साली, आणि हे कायदेसंग्रह छापले गेले ते त्याच्या पुढच्याच दहा-बारा वर्षांत. रिवाज आणि वसाहत जवळजवळ एका वयाचे.

पण गोव्यात तेव्हा स्वतःचा रिवाज होताच. गावकरी म्हणजे गावच्या जमिनीची सामाईक व्यवस्था. १५२६ साली आफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने तिच्या चालीरीती लिहून घेतल्या, आणि हा दस्तऐवज 'फोराल' म्हणून ओळखला जातो. त्यात वारसा मुलग्यांचा. मुलींना त्यात जागा नव्हती. पोर्तुगीजांनी महसुलाच्या सोयीसाठी ही रीत जशीच्या तशी कबूल केली, आणि नंतर धर्मप्रसारासाठी तिला भोक पाडलं. ख्रिस्ती झालेल्या बायकामुलींना वारसा मिळेल, असे हुकूम त्याच शतकात निघाले. बाईला जमीन मिळावी ही कळकळ त्यामागे फारशी नव्हती. जमिनीचं आमिष होतं. तरीही एक गोष्ट घडून गेली: आईच्या, बहिणीच्या नावाने वाटा मागता येतो, ही कल्पना तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादीत कागदावर आली.

फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण हे तालुके पोर्तुगीजांच्या ताब्यात आले अठराव्या शतकात. तोवर बाटवाबाटवीचा जोर ओसरला होता आणि तिथली वस्ती बहुतांश हिंदू होती. नव्या काबिजादीच्या लोकांना त्यांच्या रूढी पाळू देऊ असं वचन सरकारने दिलं. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एका गोव्यात दोन गोवे नांदत होते. मडगावच्या ख्रिस्ती घरात विधवा अर्ध्या घराची मालकीण. काही कोसांवरच्या फोंड्यात दाराशी तुळशीवृंदावन असलेल्या घरात तिच्या पदरात पडे ती पोटगी आणि कोपऱ्यातली खोली.

मग आली १८६७ ची संहिता. ती लिहिली विस्कोंद द सेआब्रा या कायदेपंडिताने, आणि ती तयार व्हायला सतरा वर्षं लागली. नेपोलियनच्या फ्रेंच संहितेचा काळ होता. युरोपातल्या प्रत्येक राज्याला आपला एक जाडजूड, कलमवार ग्रंथ हवा होता. पोर्तुगालने आपला ग्रंथ केला आणि १८ नोव्हेंबर १८६९ च्या हुकुमाने तो समुद्रापारच्या मुलखांनाही लावला. गोव्यात तो अंमलात आला १ जुलै १८७० पासून. हिंदूंच्या रूढींसाठी त्यात पळवाट ठेवलेली होती, आणि त्या रूढी नेमक्या कोणत्या याची यादी १६ डिसेंबर १८८० च्या हुकुमाने निघाली. 'जेंतीव हिंदूंचे रीतिरिवाज' असं काहीसं तिचं नाव.

ती यादी आज वाचताना त्या काळाच्या पुरुषांनी काय काय सांभाळून ठेवायला धडपड केली, ते दिसतं. एकत्र कुटुंब ठेवलं. दत्तकविधान ठेवलं, पोर्तुगीज संहितेतून तर दत्तक हद्दपारच झाला होता. आणि दुसरी बायको करायची मुभा ठेवली, अटी घालून: पहिल्या बायकोला पंचवीस वर्षांची होईतो मूल झालं नसेल, तिशीपर्यंत मुलगा झाला नसेल, वगैरे. हे कलम गोव्यातल्या 'समान नागरी कायद्या'चं कौतुक सुरू झालं की कुणीतरी हटकून बाहेर काढतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच यादीत जे नव्हतं तेही पाहिलं पाहिजे. नवरा-बायकोच्या मालमत्तेची सामाईकी हिंदूंच्याही लग्नाला लागू राहिली. लोक बाशिंग, सप्तपदी, मुलगा, दत्तक यांच्या चिंतेत राहिले आणि अर्धा वाटा मागच्या दाराने घरात शिरला. त्यासाठी कुणी परिषद भरवली नाही की सभा उधळली नाही.

या अर्ध्या वाट्याचं कौतुक मात्र जपून करावं लागतं. सेआब्राच्या संहितेतली बायको अर्ध्या घराची मालकीण होती, पण घराची किल्ली नवऱ्याच्या कमरेला. मालमत्तेचा कारभार नवऱ्याचा. तो नसेल किंवा अपंग झाला असेल तरच बायकोचा. बोटीवर नोकरीला गेलेल्या तारवटीच्या बायकोला ही सवलत खरोखर उपयोगी पडली असणार. नवऱ्याने बायकोचं रक्षण करावं आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी, हे चक्क कलमात लिहिलेलं होतं. लेखिका असलेल्या बायकोने आपलं लेखन नवऱ्याच्या संमतीशिवाय छापू नये असंही एक कलम होतं. नवऱ्याने विनाकारण अडवलं तर तिने न्यायाधीशाकडे जावं, एवढी दया त्यात होती.

किल्ली नवऱ्याची, पण एका दाराला दोन कुलपं होती. स्थावर मालमत्ता दोघांच्या संमतीशिवाय विकता येत नव्हती की गहाण टाकता येत नव्हती. मालमत्ता सामाईक असो वा एकट्या नवऱ्याची, घर आणि जमीन विकायला बायकोची सही लागणारच. तांदूळ, नारळ, गुरं, दुकानातला माल, ही जंगम मालमत्ता नवऱ्याने हवी तशी उडवावी. घराच्या भिंतीपाशी आलं की त्याला थांबून बायकोकडे कागद सरकवावा लागे. दारूच्या किंवा जुगाराच्या नादी लागलेल्या नवऱ्याच्या घरात ही सही किती घरांना वाचवून गेली असेल, ते कुठल्या दप्तरात सापडणार नाही. वाटणीतून बाहेर राहत होतं थोडंसंच: अंगावरचे कपडे, लग्नाआधी वराने वधूला दिलेले दागिने, आणि ज्यावर 'यात जोडीदाराचा हिस्सा नाही' अशी अट घालून कुणी दिलं असेल ते दान.

ज्यांना ही सामाईकी नको होती त्यांना संहितेने मोकळीक दिली होती. लग्नाआधी नोटरीपुढे करार करून मालमत्ता वेगवेगळी ठेवता येत होती, किंवा फक्त लग्नानंतर मिळवलेली तेवढीच सामाईक करता येत होती, किंवा हुंड्याची म्हणून एक खास व्यवस्था निवडता येत होती. मात्र ही निवड लग्नाच्या अगोदर. एकदा लग्न लागलं की करार बदलणं नाही. मोठी भाटं, जहाजं, खाणी असलेल्या घराण्यांनी हा रस्ता ओळखला. सामान्य माणूस करार करत नाही, आणि कायद्यात करार न करणाऱ्याच्या वाट्याला जे येतं तेच बहुसंख्यांचं नशीब असतं.

१९१० हे साल पोर्तुगालच्या इतिहासात उलथापालथीचं. ५ ऑक्टोबरला राजा गेला, प्रजासत्ताक आलं. नव्या सरकारचा चर्चवर दात होता. नोव्हेंबरच्या ३ तारखेला घटस्फोटाचा कायदा निघाला, आणि लग्न हा शुद्ध नागरी करार आहे असं सांगणारा कौटुंबिक कायदा त्यांनी मुद्दाम निवडून २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी काढला. बायकोच्या आज्ञापालनाचं कलम गेलं. वैवाहिक जीवन स्वातंत्र्य आणि समतेवर उभं आहे असं आता कायदा म्हणू लागला, जरी बायकोचं मुख्य काम घर सांभाळणं हे त्याला पुन्हा सांगावंसं वाटलंच. लेखिका नवऱ्याला न विचारता पुस्तक छापू शकली. गोव्यातल्या हिंदू बाईला घटस्फोट मागता आला तो याच काळात. तिच्या कोकणातल्या मावसबहिणीला त्यासाठी जवळपास चार दशकं थांबावं लागलं. बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा केला, मुंबई प्रांताने १९४७ मध्ये, आणि साऱ्या देशाला तो मिळाला १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने.

तेव्हापासून गोव्यात लग्नाला दोन तारखा आल्या. एक सहीची, एक अक्षतांची. नोंदणी कार्यालयात जाऊन आधी लग्नाचा इरादा जाहीर करायचा, हरकतींसाठी ठरलेली मुदत जाऊ द्यायची, मग दुसऱ्यांदा सही करायची. 'सही झाली' म्हणजे कायद्याने लग्न झालं, मग मुहूर्त चार महिन्यांनी असो. मधल्या काळात सोयरीक मोडली तर घरच्या लोकांना कळतं की मुलगी अजून माहेरी आहे, पण कायद्याने तिचा नवरा आहे आणि त्याच्या वडिलांनी दिलेल्या जमिनीत तिचा वाटाही आहे. ख्रिस्ती लोकांसाठी व्यवस्था थोडी वेगळी झाली: सालाझारच्या सरकारने १९४० मध्ये व्हॅटिकनशी करार केला आणि १९४६ च्या हुकुमाने चर्चमधल्या लग्नाला नागरी दप्तरात जागा मिळाली. प्रजासत्ताकाने नाताळच्या दिवशी जे हिसकावलं होतं, ते हुकूमशहाने चर्चला बऱ्याच अंशी परत केलं. मालमत्तेच्या नियमाला मात्र दोघांनीही हात लावला नाही.

आता तेरेखोलच्या पलीकडे पाहू. नदी लहान. पेडण्याच्या माणसाची सोयरीक सावंतवाडीत, सावंतवाडीच्या मुलीचं सासर मोरजीत, असं नेहमीच होत आलेलं. देव एक, बोली जवळची, लग्नाचे विधीही सारखे. पण १९३५ च्या सुमाराला दोन सख्ख्या बहिणी नदीच्या दोन बाजूंना विधवा झाल्या असत्या, तर कायद्याने त्यांची दोन वेगळी माणसं केली असती. पलीकडे मिताक्षराचा आणि नीळकंठाच्या व्यवहारमयूखाचा अंमल. नवरा एकत्र कुटुंबात वारला तर त्याचा हिस्सा भावांकडे जाई आणि विधवेला अन्नवस्त्र मिळे. अलीकडे पेडण्यात तिला वारस व्हायचीही गरज नव्हती. नवरा जिवंत असतानाच अर्धा भाग तिचा होता. मरणाने तो फक्त मोकळा झाला.

ब्रिटिश मुलखात सुधारणेचा रस्ता वेगळा होता आणि लांबचा. इंग्रजांच्या देशात १८८२ च्या कायद्याने बायकोला तिची स्वतःची वेगळी मालमत्ता मिळाली. तत्त्व असं की नवऱ्याचं ते नवऱ्याचं, बायकोचं ते बायकोचं. हिंदुस्थानातही १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला, पण त्यातून हिंदू आणि मुसलमान बायकांना वगळलेलं होतं. या तत्त्वाची मर्यादा उघड आहे. जिच्याकडे स्वतःचं काहीच नाही तिचं ते 'काहीच नाही' अगदी सुरक्षित राहतं. १९३७ साली मुंबईचे शल्यविशारद आणि मध्यवर्ती विधिमंडळाचे सभासद डॉ. गो. वि. देशमुख यांच्या विधेयकाने हिंदू विधवेला नवऱ्याच्या जागी हिस्सा मिळाला, तोही हयातीपुरता. चार वर्षांनी फेडरल कोर्टाने सांगितलं की हा कायदा प्रांतांतल्या शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणजे ज्या देशात मालमत्ता म्हणजे शेत, तिथे शेतच बाहेर. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडलं १९५१ मध्ये. विधवेला पूर्ण मालकी मिळाली १९५६ मध्ये. पण 'संसारात जे झालं ते दोघांचं' हे तत्त्व या कायद्यांत कुठेच नव्हतं, आणि आजही नाही. २०१० मध्ये संसदेत आलेल्या विवाह कायदे दुरुस्ती विधेयकात घटस्फोटाच्या वेळी बायकोला नवऱ्याच्या स्थावरात हिस्सा देण्याची तरतूद होती. राज्यसभेने ते २०१३ मध्ये मंजूर केलं आणि पुढच्या वर्षी लोकसभा विसर्जित झाल्यावर ते बारगळलं.

महाराष्ट्रात हे तत्त्व एकदा विधिमंडळाऐवजी शेताच्या बांधावर उगवलं होतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८०-९० च्या दशकांच्या सांध्यावर 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. शेतात राबणाऱ्या बायकोच्या नावावर नवऱ्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा करून द्यावा, आणि ज्या गावात शंभर घरांनी हे केलं ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणावं. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतरची ही चळवळ होती आणि तिच्यातलं भावनिक बळ मोठं होतं. सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवणं म्हणजे कर्ज फेडणं, असं जोशी सांगत. विदर्भातला कोरडवाहू शेतकरी जे सभेत हात वर करून, कौतुकाच्या टाळ्या घेत करत होता, ते कुंकळ्ळीच्या किंवा वाळपईच्या शेतकऱ्याच्या बाबतीत लग्नाच्या रजिस्टरात सही करताच होऊन गेलेलं होतं. त्याला कदाचित ते ठाऊकही नसे. गोव्याच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव बहुधा नवऱ्याचंच दिसतं. बायकोचा वाटा उताऱ्याच्या ओळींमागे उभा असतो.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पहिला प्रश्न प्रशासनाचा होता, आणि १९६२ च्या कायद्याने संसदेने सोपं उत्तर दिलं: तिथे चालू असलेले कायदे बदलेपर्यंत चालू राहतील. हिंदू विवाह कायदा, वारसा कायदा, शरियत कायदा यांपैकी काही गोव्याला लावलं गेलं नाही. तात्पुरती सोय म्हणून झालेली ही गोष्ट तशीच राहिली. १९८० च्या आसपास देशाचे व्यक्तिगत कायदे गोव्यात आणावेत का याची चाचपणी झाली. मुसलमानांच्या एका गटाला शरियत हवी होती. दुसऱ्या गटाने आणि स्त्रियांच्या संघटनांनी ठाम विरोध केला. सवयीने माणूस वाट्याला सरावतो, आणि सरावलेला वाटा सोडत नाही.

अडचण भाषेची होती. संहिता पोर्तुगीजमध्ये आणि ती वाचू शकणारी पिढी म्हातारी होत चाललेली. पणजीला मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं १९८२ मध्ये. तिथे वकील इंग्रजीत युक्तिवाद करत आणि मूळ कलम पोर्तुगीज ग्रंथात. ज्येष्ठ वकील मनोहर उसगावकर यांनी कौटुंबिक कायद्यांचे इंग्रजी अनुवाद केले आणि अनेक वर्षं गोव्याच्या न्यायालयांत तेच हाताशी राहिले. एका माणसाच्या अनुवादावर एका राज्यातल्या बायकांचा वाटा तोलला जाई, ही परिस्थिती फार सुखाची म्हणता येणार नाही.

कर खात्याशी झालेली लढाई याच काळातली. गोव्याला प्राप्तिकर लागू झाला १९६३ मध्ये, आणि अधिकाऱ्यांपुढे लगेच कोडं पडलं. भाड्याचं उत्पन्न नवऱ्याच्या नावावर आहे, पण बायको म्हणते अर्धं माझं. खातं कधी सगळं नवऱ्याच्या माथी मारी, तर कधी जोडप्याला मिळून एक 'व्यक्तिसमूह' धरी. नवरा-बायको म्हणत, आम्ही समूह नाही, दोन मालक आहोत, दोघांचे वेगवेगळे हिशेब करा. निकाल वेगवेगळे लागत राहिले, घरभाड्याला एक न्याय आणि धंद्याला दुसरा. शेवटी १९९४ मध्ये संसदेने तेच कलम ५अ घातलं आणि एकतीस वर्षं मागे जाऊन वाद मिटवला. पगार मात्र ज्याचा त्याच्याच नावावर राहिला. त्यामुळे म्हापशाच्या दुकानदाराची बायको कर खात्याच्या दृष्टीने अर्ध्या नफ्याची धनी आहे आणि पणजीतल्या कारकुनाची बायको नाही. दोघींचं घरकाम सारखंच असतं.

कर वाचवायला हे कलम सोयीचं असल्यामुळे गोव्यातल्या अनेक पुरुषांना अर्धा वाटा फार प्रिय आहे. वाटणीच्या दिवशी तेवढा प्रिय राहतोच असं नाही.

मालकाच्या मृत्यूनंतर गोव्यात 'इन्व्हेंटरी' चालते. मालमत्तेची यादी कोर्टात सादर करायची, वाटे पाडायचे. एखादी वस्तू तोडता येत नसेल तर वारसांनी आपसांत बोली लावून लिलाव करायचा. यादी देणाऱ्याला जुन्या दप्तरात 'काबेसा द काझाल', म्हणजे संसाराचा प्रमुख म्हणतात, आणि तो पहिला मान मागे राहिलेल्या जोडीदाराचा, म्हणजे बहुधा विधवेचा. आधी तिचा अर्धा भाग बाजूला काढायचा. उरलेला अर्धा नवऱ्याचा. त्यातलाही निम्मा भाग मुलांसाठी राखीव, मृत्युपत्राने हवा तसा देता येतो तो बाकीचा निम्मा. मुलगे आणि मुली सारखे वारस. इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. वारस म्हणून बायकोचा क्रम चौथा: मुलं-नातवंडं, मग आईवडील, मग भावंडं, मग ती. कायद्याने जणू म्हटलं की तुला अर्धं आधीच मिळालंय, आता रांगेत मागे उभी राहा. नवऱ्याच्या अर्ध्यात घुसायला तिला जागा नाही. आणि लग्नाआधी करार करून मालमत्ता वेगळी ठेवलेली असेल तर रांगेतला हा मागचा नंबरच तिच्या हाती राहतो.

बहिणींचं काय होतं, तेही गोव्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. हयात माणसाच्या वारशावर आगाऊ पाणी सोडता येत नाही. म्हणून बाप वारल्यावर भाऊ कागद घेऊन येतो. बहीण सही करते, कधी प्रेमाने, कधी माहेर तुटू नये म्हणून, कधी लग्नात झालेल्या खर्चाचा हिशेब ऐकून. पण मग कुणाच्या तरी लक्षात येतं की बहिणीचा नवराही त्या वाट्याचा अर्धा धनी आहे. मग भावोजींना बोलवा. अर्ध्या वाट्याने इथे बाईची बाजू घेतली की जावयाची, हे सांगणं कठीण.

२०१२ चा गोव्याचा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायदा अखेर डिसेंबर २०१६ पासून अंमलात आला आणि वारशाची जुनी कलमं नव्या इंग्रजी कायद्यात आली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका गोवेकराने मुंबईत घेतलेल्या मालमत्तेचा वाद आला. न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांनी निकालात म्हटलं की गोव्यात अधिवास असलेल्याच्या देशभरातल्या मालमत्तेला गोव्याचाच वारसा कायदा लागेल, आणि संसदेने १९६२ मध्ये स्वीकारल्यामुळे ती संहिता आता परदेशी नाही, भारतीयच आहे. त्याच निकालात गोव्याचं उदाहरण त्यांनी बाकीच्या देशापुढे ठेवलं. दीड वर्षाने पर्वरीत उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या उद्‌घाटनाला सरन्यायाधीश शरद बोबडे आले, तेव्हा त्यांनीही गोव्याच्या नागरी कायद्याचं कौतुक केलं. कौतुक करणारे स्वतः १८८० ची ती यादी सहसा काढत नाहीत, आणि ज्या कलमाने घराचा कारभार नवऱ्याकडे दिला ते तर नाहीच.

पोर्तुगालने सेआब्राची संहिता १९६६ मध्ये मोडीत काढली. नव्या संहितेत करार नसेल तर सामाईक होतं ते फक्त लग्नानंतर मिळवलेलं; माहेरचं शेत माहेरचं राहतं. ब्राझीलने तेच १९७७ मध्ये केलं. राज्याचा रिवाज असा दोन्ही मोठ्या मुलखांतून उठला आणि राहिला मांडवी-झुवारीच्या काठी, जिथे तो आला तेव्हा कुणाचा रिवाज नव्हता.

पुण्याचा माणूस समुद्राजवळ जुनं पोर्तुगीज घर घ्यायला म्हापशाला जातो, तेव्हा या रिवाजाशी त्याची पहिली गाठ पडते. मालक एकच भेटलेला असतो, चहा पिऊन किंमत ठरलेली असते, विसार दिलेला असतो. मग वकील खरेदीखताचा मसुदा वाचायला घेतो. विकणारे: थोरला भाऊ आणि त्याची बायको, मधला आणि त्याची बायको, वारलेल्या धाकट्याची विधवा व तिची दोन मुलं, बहीण आणि तिचा कुवेतला असलेला नवरा, मुखत्यारपत्राद्वारे. पुणेकर बोटं मोजतो, नऊ होतात. तो विचारतो, पण घर तर याच्या एकट्याच्या नावावर दाखवलं होतं ना? वकील मान हलवतो आणि सगळ्यांच्या लग्नाचे दाखले मागतो.